सातबारा तुमचा, विमा दुसऱ्याचा! ऑनलाइन ओळखचोरी रोखायची कशी?

गेवराई, (प्रतिनिधी) : खरीप पीकविम्याची मुदत संपत आली की गेवराईतील झेरॉक्सच्या दुकानांपुढे सकाळपासून गर्दी होते. रांगेतील शेतकऱ्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार कार्ड व बँकेचे पासबुक. दुकानदार एकेक कागद यंत्रावर ठेवतो. एखादी प्रत तिरकी किंवा काळी निघाली की ती खोक्यात टाकतो आणि दुसरी काढतो. तेथून ही पिशवी सेवा केंद्रात जाते. केंद्रचालक कागदांचे मोबाइलवर फोटो घेतो, शेतकऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने विचारून घेतो आणि थोड्या वेळात पावती हाती देतो. काम झाल्याच्या समाधानात शेतकरी गावाची गाडी पकडतो. त्याच्या ओळखीच्या किती प्रती मागे राहिल्या, याचा हिशेब ना त्याच्याकडे असतो, ना केंद्रचालकाकडे.

शहरातील वाचकाने हे दृश्य दूरचे समजण्याचे कारण नाही. भाड्याच्या घराचा करार, नवे सिमकार्ड, लॉजमधील मुक्काम, मुलाचा शाळाप्रवेश, दुचाकीचे कर्ज अशा प्रत्येक ठिकाणी आपणही अशीच पिशवी रिकामी करीत असतो. फरक इतकाच की आता ती व्हॉट्सॲपवरून रिकामी होते.

ऑनलाइन ओळखचोरी म्हटले की कोठेतरी परदेशात बसून पासवर्ड फोडणारा हॅकर आठवतो. तसे प्रकार घडतात, हे खरेच. परंतु महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत गाजलेली काही प्रकरणे तपासून पाहिली, तर त्यांत काहीही फोडावे लागले नव्हते असे दिसते. विश्वासाने दिलेला कागद, सहज सांगितलेला आकडा किंवा सर्वांना खुली असलेली नोंद, एवढ्यावरच चोराचे काम भागले. म्हणूनच या चोरीपासून बचाव करायचा तर संगणकाचे ज्ञान असण्यापेक्षा आपली कोणती माहिती उघड आहे आणि कोणती गुप्त राहिली पाहिजे, हे नेमके ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला, तेव्हा त्यात ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-क घालण्यात आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा त्याची ओळख पटविणारी अन्य कोणतीही विशेष खूण अप्रामाणिकपणे वापरणे, ही या गुन्ह्याची व्याख्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. संगणक वा मोबाइलच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास कलम ६६-ड लागते. त्याचीही शिक्षा तेवढीच आहे.

एक रुपयाचा विमा

बीड जिल्ह्याचे नाव पीकविम्याच्या संदर्भात पूर्वी वेगळ्या कारणाने गाजले होते. विमा कंपनीच्या नफ्या-तोट्यावर मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' २०२० साली येथे सुरू झाला आणि पुढे तो राज्यभर नेण्याची मागणी झाली. काही वर्षांतच त्याच जिल्ह्याचे नाव बोगस विमा अर्जांसाठी घेतले जाऊ लागले.

२०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारने शेतकऱ्याला केवळ एक रुपयात पीकविमा देऊ केला. उरलेला हप्ता सरकार भरणार होते. हेतू चांगला होता. त्या हंगामात राज्यातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. मात्र योजनेच्या रचनेत दोन फटी राहिल्या. एक रुपयात अर्ज होत असल्याने खोटा अर्ज भरणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नव्हते, आणि केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत असल्याने अर्जांची संख्या वाढण्यातच त्याचा लाभ होता. कोणाची जमीन, कोणाचे पीक आणि कोणाचे बँक खाते हे जुळते की नाही, याची खातरजमा अर्ज भरताना व्हायला हवी होती, ती पुरेशी झाली नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. सरकारी जमिनी, बिगरशेती भूखंड आणि दुसऱ्याच्याच मालकीची शेते विम्यात दाखविण्यात आल्याचे उघड झाले. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीड जिल्ह्यातील गैरप्रकार सभागृहात मांडले. जानेवारी २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सुमारे चार लाख अर्ज बाद झाल्याचे आणि राज्यातील ९६ सेवा केंद्रांवर कारवाई झाल्याचे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढच्या खरिपापासून शेतकऱ्याला हप्ता भरणे आले आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला.

या प्रकरणाची चर्चा सरकारी तिजोरीच्या नुकसानीभोवतीच फिरत राहिली. परंतु ज्याच्या गट क्रमांकावर दुसऱ्याने विमा उतरविला, त्या शेतकऱ्याचे काय? तो स्वतः अर्ज भरायला जातो तेव्हा त्याच्या जमिनीवर आधीच अर्ज झालेला असतो. एका गटावर नोंदविलेले क्षेत्र सातबारावरील क्षेत्रापेक्षा अधिक भरले की अर्ज पडताळणीत अडकतो. मग खरा कोण आणि खोटा कोण हे सिद्ध करण्यासाठी तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी यांच्याकडे हेलपाटे सुरू होतात. ओळखचोरीत पैसा गेल्याचे दुःख असतेच, पण आपणच आपण आहोत हे पटवून देण्याचा त्रास त्याहून वाईट.

असाच अनुभव खारघरच्या एका महिलेला सप्टेंबर २०२४ मध्ये आला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा तिचा अर्ज स्वीकारला जाईना. तिचा आधार क्रमांक आधीच वापरला गेल्याचे दिसत होते. शोध घेता धागा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात पोहोचला. वेगवेगळ्या व्यक्तींचे आधार क्रमांक वापरून एका दाम्पत्याने तब्बल ३० अर्ज भरल्याचे समोर आले आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला. सातारा जिल्ह्यातील मनुष्य आणि खारघरची महिला यांची ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. केवळ बारा आकडे पुरेसे झाले.

पुढील वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच योजनेतील महिलांना ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले आणि लगोलग सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट पाने इंटरनेटवर अवतरली. सरकारी योजना जाहीर होते, मुदत ठरते, लोकांची धावपळ सुरू होते आणि नेमक्या त्या धावपळीत चोर आपले दुकान मांडतो. शासनाची संकेतस्थळे 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांवर संपतात. पत्त्याच्या सुरुवातीला काय लिहिले आहे यापेक्षा शेवटी काय लिहिले आहे ते पाहावे. गूगलवर शोधल्यावर सर्वांत वर येणारे पान खरेच असेल असे नाही, कारण तेथे जाहिरातही असू शकते.

पाठ केलेले आकडे

एप्रिल २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आलेले एमफॅसिस प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांना दूरध्वनीवरून सेवा देणाऱ्या या कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी चार ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांकडे वळविले होते. कॉल सेंटरमध्ये ये-जा करताना कर्मचाऱ्यांची तपासणी होत असे. त्यामुळे संशयितांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांच्याकडून पिन काढून घेतले, ते पाठ केले आणि बाहेर जाऊन सायबर कॅफेतून व्यवहार उरकले, असे तपासात पुढे आले. ग्राहकांच्या तक्रारीनंतर बँकेने माग काढला आणि पुणे पोलिसांनी संशयितांना अटक केली. तेव्हा ओळखचोरीचे कलम कायद्यात नव्हते. फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि संगणकाशी संबंधित जुनी कलमे लावूनच पोलिसांना काम भागवावे लागले.

न्यूयॉर्कचा खातेदार आणि गेवराईचा शेतकरी यांच्यात साम्य शोधणे विचित्र वाटेल. पण दोघांचीही चूक एकच होती. समोरचा मनुष्य मदत करतो आहे, म्हणून त्याला द्यायला नको ते दिले गेले.

नाव वेगळे, किल्ली वेगळी

या विषयातील सर्वांत मोठा गोंधळ येथे आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. आपल्याविषयीच्या माहितीचे दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार नावासारखा असतो. आपले नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि सातबारा यांचा त्यात समावेश होतो. ही माहिती कामापुरती इतरांना द्यावीच लागते. सातबारा तर महसूल विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक टाकून कोणालाही पाहता येतो, आणि तसा तो पाहता येणे आवश्यकही आहे, नाही तर जमीन घेणाऱ्याची फसवणूक होईल. दुसरा प्रकार किल्लीसारखा असतो. ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, पासवर्ड आणि अंगठ्याचा ठसा ही झाली किल्ली. ती कोणालाही द्यायची नसते, मग तो बँकेचा साहेब असो वा पाहुणा.

आधार क्रमांक गुप्त आहे अशी आपली समजूत असते, पण तो अनेक वर्षांपासून अनेक हातांत आहे. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने चार सरकारी संकेतस्थळांची पाहणी करून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक तेथे उघड्यावर असल्याचा अंदाज मांडला होता. त्यात रोजगार हमीच्या मजुरांचे आणि पेन्शनधारकांचे क्रमांक होते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. त्यानंतर हा क्रमांक आपण इतक्या ठिकाणी लिहून दिला आहे की तो कोणालाच कळू नये अशी अपेक्षा आता व्यर्थ होय.

तेव्हा दोष नाव उघड असण्यात नाही. नावालाच किल्ली समजून कुलूप उघडणारी व्यवस्था हा खरा दोष आहे. बारा आकडे सांगितले की अर्ज स्वीकारला, सातबारा जोडला की जमीन त्याचीच मानली, असे जेथे घडते तेथे नागरिकाने कितीही काळजी घेतली तरी ती अपुरी पडते. आपल्याकडे मात्र प्रत्येक प्रकरणानंतर नागरिकांनाच सतर्क राहण्याचे आवाहन केले जाते.

सरकारी यंत्रणेतही या बाबतीत एकवाक्यता दिसत नाही. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये एक निवेदन काढून आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, असे सांगितले. त्याचा 'गैरअर्थ निघू शकतो' म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले आणि नेहमीची सावधगिरी बाळगावी असा सल्ला देण्यात आला. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, हे लोकांनी आपापले ठरवावे!

ती सावधगिरी अशी असू शकते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे चार दिसतात. लॉज, सोसायटीचे कार्यालय, कुरिअर अशा ठिकाणी ओळख दाखविण्यास तेवढे पुरते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे : कोणत्या कामासाठी, कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेला. अक्षरे छायाचित्रावरून व क्रमांकावरून गेली पाहिजेत, म्हणजे ती कापून टाकता येत नाहीत. याने चोरी थांबेलच असे नाही. पण उद्या त्या प्रतीवर कोणी सिमकार्ड घेतले, तर प्रत कोठून फुटली हे सिद्ध करता येते. सेवा केंद्रात मोबाइलवर फोटो घेऊ दिला असेल, तर काम झाल्यावर तो समोर पुसून टाकण्यास सांगावे. सांगताना संकोच वाटतो, हे खरे. सहसा कोणी रागावत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधी काही वर्षांपूर्वी पॅन कार्डाची प्रत काढून मूळ कार्ड यंत्राच्या काचेवरच विसरून आला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर दुकानदाराने खण उघडून रबरबँड लावलेला एक गठ्ठा पुढे केला. त्यात आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि वाहन परवाने मिळून चाळीस-पन्नास कार्डे असावीत. 'यातले तुमचे शोधून घ्या,' तो म्हणाला. मनुष्य प्रामाणिक होता. पण त्या गठ्ठ्यातून आपण दुसऱ्याचे कार्ड उचलले असते, तरी त्याला ते कळले नसते.

अंगठा बदलता येत नाही

किल्ल्यांमध्ये सर्वांत अवघड किल्ली अंगठ्याची. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. ग्रामीण भागात ज्येष्ठ नागरिकांचे आणि निराधारांचे अनुदान बहुधा आधारशी जोडलेल्या व्यवहारातून, म्हणजे बँकमित्राकडील छोट्या यंत्रावर अंगठा ठेवून काढले जाते. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, एटीएम कार्डही लागत नाही. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढे पुरते. 'यंत्र चालेना, पुन्हा ठेवा' असे म्हणून दोनदा अंगठा घ्यायचा आणि पैसे मात्र एकदाच हाती द्यायचे, हा फसवणुकीचा सोपा मार्ग. प्रत्येक वेळी छापील पावती मागणे आणि खात्याला जोडलेल्या मोबाइलवर संदेश आला का ते तेथेच पाहणे, हा त्यावरचा उपाय.

याहून गंभीर प्रकार तेलंगणात २०१८ मध्ये उघड झाला. सिमकार्ड विकणाऱ्या एकाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून खरेदीखते उतरविली. त्यांवर आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे दोन्ही होते. त्या ठशांची रबरी नक्कल करून त्याने हजारो सिमकार्डे सुरू केल्याचे तपासात निष्पन्न झाले. पुढे याच पद्धतीने बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी अन्य राज्यांतून आल्या. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बनावट ठसा ओळखण्यासाठी यंत्रणेत सुधारणा केली.

आधारचा अंगठा 'लॉक' करण्याची सोय आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल ॲपवरून ते करता येते आणि गरज पडली की थोड्या वेळापुरते उघडता येते. शहरातील नोकरदाराने हे आजच करून टाकावे, त्याला अंगठा क्वचितच लागतो. गेवराईतील आजीबाईंना मात्र हा सल्ला जसाच्या तसा देता येणार नाही. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा लागतो, अनुदानासाठी लागतो, हयातीच्या दाखल्यासाठीही लागू शकतो. दरवेळी ते उघडायचे तर आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, आणि तो बहुधा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाकडे असतो. अशा घरांत निदान अनुदानाचे खाते वेगळे ठेवावे आणि घरातील मोठी रक्कम त्या खात्यात साठू देऊ नये.

जुने सिम, नवा धोका

मोबाइल क्रमांक ही बँकेची वेस आहे. ओटीपी तेथूनच येतो. ऊसतोडीला दरवर्षी हजारो कुटुंबे बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात सहा-सहा महिन्यांसाठी जातात. या काळात रिचार्ज संपतो, सिम बंद पडते आणि तिकडे नवे घेतले जाते. बंद झालेला क्रमांक ठरावीक अवधीनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मजुराच्या खात्याला जुनाच क्रमांक जोडलेला असेल, तर बँकेचा ओटीपी त्या अनोळखी ग्राहकाकडे जातो. यात चोरी कोणी केलेली नसते, पण दार उघडे राहिलेले असते. क्रमांक बदलला की बँक, आधार आणि गॅस एजन्सी या तीन ठिकाणी तो बदलून घेतल्याशिवाय जुने सिम सोडू नये.

जाणूनबुजून सिम पळविण्याचे प्रकार निराळे. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीमच्या एका व्यावसायिकाला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन बंद होता. त्याच्या नावाचे दुसरे सिम चोरांनी सुरू करून घेतले होते आणि २८ व्यवहारांतून १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. इतरांच्या फोनवर नेटवर्क असताना आपल्याच फोनवर ते अचानक गेले आणि परत आलेच नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग कंपनीला कळवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

अलीकडे चोर थेट फोनमध्येच शिरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हती, 'एपीके' फाइल होती. तिच्यावर बोट ठेवताच फोनचा ताबा गेला आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. वाहतूक दंडाची पावती आणि शेतकरी योजनांची यादी यांच्या नावानेही अशा फाइली फिरतात. फाइलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ती उघडायची नाही, मग ती सख्ख्या भावाकडून आलेली का असेना, कारण बहुधा त्याचाही फोन आधीच गेलेला असतो.

आपल्या नावावर काय चालले आहे?

ओळख चोरीला गेल्याचे पुष्कळदा फार उशिरा कळते, कारण मूळ वस्तू आपल्याच खिशात असते. त्यामुळे अधूनमधून हिशेब पाहावा लागतो. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावे किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते दिसते, आणि आपला नसलेला क्रमांक तेथूनच कळविता येतो. आधारच्या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आधारची पडताळणी कधी झाली याची नोंद मिळते. आपण घरी झोपलेलो असताना पडताळणी झाली असेल, तर शोध घेण्याची वेळ आली असे समजावे. पॅन क्रमांकावर कोणी कर्ज काढले का, हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालात कळते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा हा अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेकांना असा अहवाल पाहूनच कळले होते की, एका कर्ज ॲपवरून त्यांच्या पॅनवर भलत्याच माणसाने पैसे उचलले आहेत. पीकविम्याच्या संकेतस्थळावरही अर्जाची स्थिती पाहता येते. शेतकऱ्याने पावतीवरील गट क्रमांक, क्षेत्र आणि विशेषतः बँक खात्याचे शेवटचे आकडे केंद्र सोडण्यापूर्वी वाचून घ्यावेत.

चोरी झाल्यावर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार नोंदली की रक्कम ज्या बँकेत गेली तेथे ती गोठविण्याची प्रक्रिया सुरू होते. चोर काही तासांतच पैसे दहा खात्यांत फिरवून काढून घेतात, म्हणून पहिल्या तासाला महत्त्व. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. बीडला सायबर पोलीस ठाणे आहे, परंतु तक्रार देण्यासाठी तेथपर्यंत जाण्याची सक्ती नाही. कायद्याने पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी अशा गुन्ह्याचा तपास करू शकतो, त्यामुळे आपल्या हद्दीतील ठाण्याने 'हे आमच्याकडे येत नाही' असे सांगितले तर ते मान्य करू नये.

बँकेला लेखी कळविणे तितकेच आवश्यक. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तर अन्य कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. हा मुद्दा शाखेत कोणी आपणहून सांगत नाही.

आणखी एक दार फारसे कोणाला ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. पुण्यातील एका उद्योजकाने बनावट ई-मेलला उत्तर दिल्याने त्याच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. ई-मेलला उत्तर देण्यात त्याची चूक होतीच. तरीही २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अगरवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला, कारण पैसे ज्या बनावट खात्यांत वळले ती खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती. चूक ग्राहकाची असली म्हणजे बँकेची जबाबदारी संपते असे नाही, हे त्या आदेशाने दाखवून दिले.

राहता राहिली ती दुकाने, केंद्रे आणि कार्यालये, जेथे आपले कागद पडून असतात. त्यांच्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. घेतलेली माहिती कोणत्या कामासाठी घेतली ते सांगणे, काम संपल्यावर ती पुसणे आणि ती फुटली तर संबंधितांना कळविणे या जबाबदाऱ्या त्यात आहेत. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले. हा कायदा संगणकीय माहितीला लागू होतो. कागदावर घेतलेली माहिती संगणकात भरली तर ती त्यात येते, पण नुसता कागद येत नाही. केंद्रचालकाच्या मोबाइलमधील फोटोला तो लागू पडेल. झेरॉक्सच्या दुकानातील खोक्यात पडलेल्या काळ्या प्रतीला नाही. ती आपली आपणच मागून घेऊन फाडायची आहे.